५०२ च्या मागची तीस वर्षं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही हीट रजिस्टरचं ॲप्लिकेशन करतोय. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नंबर, तिच्यातून कुठले जॉब ओतले, किती रिजेक्ट झाले, हे सगळं पूर्वी जाड वहीत लिहिलं जायचं. आता ते जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेत वेब ॲप्लिकेशन बनवायच्या तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्कवर), आहे. नव्या सर्व्हरवर ते बसवायचं काम आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोराला दिलं होतं. दुपारी तो उठून आला. "दादा, सगळं जसंच्या तसं टाकलंय, तरी ५०२ यायलंय." ब्राउझरमध्ये पानाऐवजी ५०२ या नंबरचा एरर दिसत होता.

जसंच्या तसं टाकलं होतं हे खरं होतं. त्याने समोर ठेवलेली कृती, म्हणजे सर्व्हरवर ॲप्लिकेशन बसवायच्या पायऱ्यांचं टिपण, चांगल्या माणसाने लिहिलेली होती आणि पोरानेही एक अक्षर चुकवलं नव्हतं. फक्त कृती २०१८ ची होती आणि मशीन २०२४ चं. मधल्या वर्षांत काय बदललं हे त्या कृतीला माहीत असणं शक्य नव्हतं, आणि पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

वेगळा युजर काढा, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रोजेक्टची पायथॉन पॅकेजं वेगळी ठेवायची जागा) बनवा, गनिकॉर्न (पायथॉनचं ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) चढवा, सिस्टमडीची (प्रोसेस चालू ठेवणारी लिनक्सची यंत्रणा) फाइल लिहा, पुढे इंजिनएक्स (बाहेरच्या मागण्या आधी घेणारा वेब सर्व्हर) उभा करा, सर्टिफिकेट (वेबसाइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करणारं) घ्या, ही आज सगळीकडे दिसणारी पायऱ्यांची रांग कुणी एकाने बसून आखलेली नाही. कुठल्या तरी साली कुणाचं तरी काम अडलं, त्यातून एकेक पायरी आली. ती का आली हे ठाऊक असेल तर बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते हुडकता येतं. त्यासाठीच ही पार्श्वभूमी लिहितोय.

सुरुवातीला बसवायचं असं काही नव्हतंच. २००० नंतरच्या दशकात कोल्हापुरात ज्यांनी वेबसाइटची कामं केली त्यांना आठवत असेल, वर्षाच्या भाड्याने शेअर्ड होस्टिंग घ्यायचं, एफटीपीने पीएचपीच्या फाइली वर चढवायच्या आणि ब्राउझर उघडायचा. झालं. त्यामागचा पाया १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संगणन केंद्रात घातला गेला होता. सीजीआय नावाच्या त्या पद्धतीत वेब सर्व्हर प्रत्येक मागणीसाठी एक नवा प्रोग्रॅम सुरू करायचा, त्याचं उत्तर घ्यायचा आणि तो संपायचा. शंभर मागण्या आल्या की शंभर वेळा प्रोग्रॅम सुरू. रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये सुरू केलेलं आणि १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं पीएचपी पुढे अपाचे या वेब सर्व्हरच्या पोटातच बसून चालायला लागलं आणि तो वेळ वाचला. एकाच मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं ठेवता येऊ लागली, म्हणून होस्टिंग स्वस्त झालं. पीएचपी गावोगावी पोचलं ते या सोयीमुळे, आणि तिला कमी लेखायचं काही कारण नाही. पण त्या व्यवस्थेत आपला स्वतःचा कार्यक्रम कायम चालू ठेवायची मुभा नव्हती, आणि पायथॉन किंवा रुबीच्या फ्रेमवर्कला नेमकं तेच लागतं.

जँगोचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. २००० च्या जनगणनेत तिथे सुमारे ८० हजार माणसं होती, म्हणजे आपल्या इचलकरंजीपेक्षा बरंच लहान. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकात एड्रियन होलोवाटी आणि इंग्लंडहून वर्षभरासाठी आलेला विद्यार्थी सायमन विलिसन, हे दोघं २००३ मध्ये पीएचपी सोडून पायथॉनकडे वळले. निवडणूक असो, मॅच असो, पान काही तासांत उभं राहायला हवं असायचं. आणि मजकूर भरणारे उपसंपादक, त्यांना कोड येत नव्हता. जँगोचं ॲडमिन त्या गरजेतून आलं. फाउंड्रीतला सुपरवायझर आज ज्या पडद्यावर हीट नंबर भरतो, त्याची घडण मुळात बातमी भरणाऱ्या माणसासाठी झालेली आहे. म्हणून तर त्याला ते शिकवायला अर्धा तास पुरला. जुलै २००५ मध्ये जँगो सर्वांसाठी खुलं झालं, गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव घेऊन. त्याच्या वर्षभर आधी, जुलै २००४ मध्ये, डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने बेसकँप या आपल्या कामातून रेल्स हे रुबीचं फ्रेमवर्क वेगळं काढून खुलं केलं होतं. दोन्ही चालत्या कामातून निघालेली. असं औजार हातात बसतं, माझा तरी हा अनुभव आहे.

आता गाठ पडते ती चालवायचं कसं याच्याशी. जँगोबरोबर रनसर्व्हर येतो, पण तो फक्त स्वतःच्या टेबलावर बघण्यापुरता. खऱ्या कामाला तो लावू नका असं जँगोचे कर्ते पहिल्यापासून ठासून सांगत आले आहेत. आम्ही फ्रेमवर्क बनवतो, वेब सर्व्हर नाही, ही त्यांची भूमिका. सुरुवातीला जँगो अपाचेमध्ये पायथॉन चालवणाऱ्या मॉड-पायथॉन या जोडणीवर चालायचं. त्या काळात पायथॉनच्या प्रत्येक फ्रेमवर्कची सर्व्हरशी बोलायची तऱ्हा वेगळी होती. प्रत्येक पॅटर्नला वेगळ्या मापाची मोल्डिंग पेटी लागावी, तशी गत. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी याने पीईपी ३३३ (पीईपी म्हणजे पायथॉनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव) हा मसुदा मांडला. त्यातून डब्ल्यूएसजीआय आलं. ते बघायला गेलं तर अगदी साधं आहे, दोन गोष्टी घेणारं एक फंक्शन. एकात मागणीची सगळी माहिती, दुसरं उत्तराची सुरुवात करण्यासाठी. एवढा करार पाळला की कुठलंही फ्रेमवर्क कुठल्याही सर्व्हरवर बसतं. पेटीचं माप ठरलं, पॅटर्न कुणाचाही चालेल. २००७ मध्ये ग्रॅहम डम्पल्टनने अपाचेसाठी मॉड-डब्ल्यूएसजीआय काढलं. २०१० मध्ये रुबीच्या युनिकॉर्नवरून बेतलेलं गनिकॉर्न आलं. मार्च २०१२ मधल्या जँगो १.४ पासून नवा प्रोजेक्ट काढला की त्यात डब्ल्यूएसजीआयची छोटी फाइल आपोआप पडते. पोरं ती फाइल कधी उघडत नाहीत. उघडावी. पाच-सहा ओळी आहेत, पण जँगो आणि सर्व्हर यांचा हात एकमेकांच्या हातात येतो तो तिथे.

मग गनिकॉर्न असताना पुढे इंजिनएक्स कशाला? हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. गनिकॉर्नचे कामगार मोजके असतात, समजा तीन. गगनबावड्याकडे कमकुवत रेंजमध्ये कुणी फोनवरून पान उघडलं की ते पान रांगत रांगत खाली उतरतं, आणि तोवर एक कामगार तिथेच अडकून पडतो. असे तिघं आले की बाकी सगळे ताटकळत. इगोर सिसोएव्हने २००२ मध्ये रशियात इंजिनएक्स लिहायला घेतला, तो एकाच मशीनवर दहा हजार जोडण्या सांभाळायचा प्रश्न समोर ठेवून, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो खुला केला. संथ गिऱ्हाइकं तो आपल्याकडे सांभाळतो आणि गनिकॉर्नला चटकन मोकळं करतो. ५०२ चा अर्थही यातच आहे. दारावरचा माणूस जागेवर आहे, त्याने आत हाक मारली, पण आतून ओ आली नाही.

म्हणून त्या दिवशी पोराला सांगितलं, ब्राउझरकडे बघू नकोस, इंजिनएक्सचा एरर लॉग उघड. शेवटच्या ओळीत सॉकेटचा, म्हणजे इंजिनएक्स आणि गनिकॉर्न जिच्यातून एकमेकांशी बोलतात त्या फाइलचा, पत्ता होता आणि त्यापुढे कंसात १३, पर्मिशन डिनाइड. गनिकॉर्न व्यवस्थित चालू होतं. सॉकेट जागेवर होतं. पण ते होतं युजरच्या होम फोल्डरमध्ये. उबंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० परवानगीने बनवायला सुरुवात केली, म्हणजे तिऱ्हाइताला आत डोकावायलाही बंदी. इंजिनएक्स वेगळ्या युजरच्या नावाने चालतो, तो तिऱ्हाईतच. २०१८ च्या कृतीत सगळं होममध्ये ठेवलं होतं, कारण तेव्हा ते चालत होतं. पोराचा पहिला विचार होता ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, करून टाकायचा. नको म्हटलं. प्रोजेक्ट एसआरव्ही फोल्डरमध्ये हलवला, सॉकेट रन फोल्डरखाली नेलं, आणि हीट नंबरचं पान उघडलं.

त्याच सकाळी त्याला आणखी एक दगड लागला होता. पिप या पायथॉनची पॅकेजं टाकायच्या औजाराने जँगो टाकायला गेला तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार आला. लिनक्सची स्वतःची कितीतरी कामं पायथॉनवर चालतात. आपण सुडो (मशीनच्या मालकाचे अधिकार) लावून तिथेच पॅकेजं ओतली की एखाद्या दिवशी सिस्टिमचंच औजार मोडतं. इयन बिकिंगने २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह काढलं, २०१२ मध्ये पायथॉन ३.३ बरोबर व्हीएन्व्ह घरचंच झालं, तरी लोक ऐकेनात. शेवटी पीईपी ६६८ आलं, आणि २०२३ पासून उबंटू आणि डेबियनने दारालाच कडी लावली. नकार वाचून चिडायला होतं, पण तो आपल्या भल्याचा आहे. ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा पर्याय लावून कडी काढू नका. नावातच काय होणार ते लिहिलंय.

सिस्टमडीबद्दल फार बोलायला नको. पूर्वी आम्ही नोहप (आपण बाहेर पडलो तरी प्रोसेस चालू ठेवणारी कमांड) लावून प्रोसेस सोडायचो. वीज जाऊन मशीन परत चालू झालं की ॲप्लिकेशन मेलेलं असायचं आणि सकाळी फोन यायचा. २०१५ मध्ये डेबियन आणि उबंटू दोन्हीकडे सिस्टमडी आलं, आणि आता पडलेली प्रोसेस उठवायचं काम त्याचं.

मराठीसाठी मात्र थांबायला हवं, कारण हा भाग इंग्रजीतून लिहिलेल्या कृतींत नसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसची अक्षरं साठवायची मूळ सेटिंग ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, लॅटिन-१ होती. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. कुणी लक्ष न देता टेबल बनवलं की पाटील भरला तर पाच प्रश्नचिन्हं साठायची. पोवार भरला तरी पाच. शिंदे भरला तरी पाच. मी एका सभासद यादीत असा पूर्ण कॉलम पाहिलाय. पडद्यावर अक्षर दिसत नाही एवढंच असतं तर फाँट बदलून भागलं असतं. इथे साठतानाच प्रश्नचिन्ह साठलेलं, मूळ नाव गेलं ते गेलं, पुन्हा कागदावरून भरावं लागलं. पायथॉन २ मध्ये मराठी नाव आलं की ॲस्कीच्या नावाने एरर यायचा तो वेगळाच. जँगो २.० ने डिसेंबर २०१७ मध्ये पायथॉन २ सोडलं आणि ती कटकट गेली. तरी नवा डेटाबेस काढताना यूटीएफ८एमबी४ (देवनागरी सामावून घेणारी सेटिंग) आहे ना, हे पहिल्यांदा बघा, आणि एक मराठी नाव भरून परत वाचा. मगच पुढचं.

हे सगळं कुणाच्या मशीनवर, यालाही आपल्या जिल्ह्यात इतिहास आहे. वारणानगर भोवतीच्या ७० गावांत १९९८ मध्ये वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. ऊसनोंद, तोडणी, वजन ही माहिती गावातल्या संगणकावर मिळायची. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. ते स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. मी त्यातून एवढंच घेतो की प्रोग्रॅमपेक्षा यंत्र चालू ठेवणं महाग असतं.

आम्हाला ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये समजलं. शाहूपुरीतल्या एका कचेरीत टेबलाखाली आमचा सर्व्हर होता. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं तसं आम्ही तो खांद्यावरून वरच्या मजल्यावर नेला. मशीन वाचलं. पण वीज नाही, नेट नाही, शिरोलीजवळ महामार्ग बंद. चालू होऊ शकणारं मशीन आठवडाभर नुसतं ठेवून होतो. त्यानंतर आम्ही भाड्याच्या मशीनवर गेलो. अशा मशीनचा धंदा ॲमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ काढल्यापासून फोफावला आणि २०१६ मध्ये मुंबईतही त्यांचं केंद्र सुरू झालं. लोखंड त्यांचं, पण आतलं सगळं आपणच सांभाळायचं. म्हणून अपडेट, बॅकअप, फायरवॉल, सगळं आपल्या गळ्यात. ॲप्लिकेशन त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बांधणारं डॉकर २०१३ मध्ये आलं तेव्हा वाटलं होतं हे संपेल. बरंच सोपं झालं, संपलं नाही. मुंबईत घडलेल्या फ्रॅपे फ्रेमवर्कचं बेंच हे औजार तर इंजिनएक्सपासून सगळं एका कमांडीत लावून देतं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तिथेही ५०२ आला की लॉग तोच उघडावा लागतो.

राहता राहिलं सर्टिफिकेट. २०१५ च्या आधी त्याला दर वर्षी पैसे पडायचे, म्हणून छोटी कामं बिनकुलपाची चालायची. डिसेंबर २०१५ मध्ये सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांना खुलं झालं, फुकट, पण ९० दिवसांसाठी. मुदत मुद्दाम कमी ठेवलेली, म्हणजे माणसाने हाताने न करता मशीनकडून नूतनीकरण करून घ्यावं. आता सर्वच सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली येऊन मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने करणाऱ्याला तेव्हा वर्षातून आठ वेळा आठवण ठेवावी लागेल. फाउंड्रीच्या मशीनवर पोराने सर्टबॉटचा (लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) टायमर लावला, नूतनीकरणाची रंगीत तालीम करून पाहिली, आणि कृतीच्या कागदावर होम फोल्डरची ओळ खोडून शेजारी लिहिलं, '२१.०४ पासून बंद'.