६० मिनिटं माजघरात : खेळायला येण्याआधी वाचा

बुकिंगसाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "आम्हाला खरंच कोंडून ठेवणार का?"

नाही. एस्केप रूम म्हणजे खोलीतली कोडी सोडवत ठरलेल्या वेळात शेवट गाठायचा खेळ. आमच्या खोलीच्या बाहेरच्या दाराला कुलूपच नाही. आतलं, म्हणजे ओसरी आणि माजघर यांच्यामधलं दार चुंबकी कुलपाचं आहे. ते विजेवर चालतं, त्यामुळे वीज गेली की दार आपोआप मोकळं होतं. शिवाय शेजारी हिरवं बटण आहे. ते कुणीही, केव्हाही, कारण न सांगता दाबावं. खेळात शेवटी उघडायची असते ती वाड्यातली एक लोखंडी पेटी. तुम्ही स्वतः कधीच अडकलेले नसता.

याबाबत आम्ही इतके काटेकोर का, तेही सांगायला हवं. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन शहरात अशाच एका ठिकाणी आग लागली. वाढदिवस साजरा करायला आलेल्या १५ वर्षांच्या पाच मुलींना बाहेर पडता आलं नाही आणि त्या गेल्या. हा व्यवसाय करणाऱ्याने ती तारीख विसरू नये असं आम्हाला वाटतं. आमच्याकडे गॅस नाही, उघडी ज्योत नाही. देवळीतली पणतीसुद्धा बॅटरीची आहे. तुम्ही आत असेपर्यंत आमचा माणूस कॅमेऱ्यासमोरून उठत नाही.

खेळ कुठून आला?

बंद खोलीतून सुटण्याचे खेळ आधी संगणकावर होते : चित्रातल्या खोलीत माउसने शोधाशोध करायची आणि किल्ली मिळवायची. ते खऱ्या खोलीत आणलं ताकाओ कातो यांनी, २००७ साली जपानमधल्या क्योतोमध्ये. २०११ मध्ये हंगेरीत, बुडापेस्टला, आतिला ग्युर्कोविच यांनी 'पारापार्क' नावाची एस्केप रूम सुरू केली आणि तिथून हा खेळ युरोपभर पसरला.

आत नेमकं काय करायचं?

तुम्ही दोन ते सहा जण आत जाता. चार असाल तर उत्तम. सहा जण झाले की दोघं नुसते बघत राहतात असा आमचा अनुभव आहे. खोलीत फडताळ, जातं, जुनी पत्रं, चार-पाच कुलपं आणि एक सारीपाट आहे. एका वस्तूतून दुसरीचा धागा मिळतो आणि ६० मिनिटांत पेटीपर्यंत पोचायचं असतं.

कोडी कशी असतात त्याचा एक नमुना देतो. हे कोडं आमच्या खोलीत नाही, म्हणून इथे फोडायला हरकत नाही. गुप्त निरोपासाठी आपल्याकडे अंकपल्लवी, म्हणजे आकड्यांतून अक्षरं सांगायची रीत होती. त्याच धर्तीवर समजा क-वर्गाला १, च-वर्गाला २, ट-वर्गाला ३, त-वर्गाला ४ आणि प-वर्गाला ५ हे आकडे दिले. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा त्या वर्गातल्या अक्षराचा. मग भिंतीवर ५१ आणि ३१ दिसले तर? पाचव्या वर्गातलं पहिलं अक्षर प, तिसऱ्यातलं पहिलं ट. पट. की लगेच सारीपाट उलटून बघायचा! बाराखडी येणाऱ्या कुणालाही हे सुटतं. बाहेरचं ज्ञान लागेल असं एकही कोडं आम्ही ठेवत नाही.

कुलपांचा हिशेबही मजेशीर आहे. चार आकडी कुलपाच्या १०,००० शक्यता. दर दोन सेकंदांना एक आकडा लावून पाहिला तरी सगळ्या संपायला साडेपाच तासांहून जास्त वेळ लागेल. पण चारही वेगळे आकडे कळले आणि क्रम तेवढा कळला नाही, तर उरतात फक्त २४. पहिले तीन जागच्या जागी माहीत असतील, तर १०. तेव्हा चौथ्या आकड्यासाठी डोकं न खपवता सरळ चाकं फिरवलीत तरी आम्ही त्याला लबाडी म्हणत नाही. तीही अक्कलच आहे.

लोक अडकतात कुठे?

कोड्यांपाशी कमी, एकमेकांपाशी जास्त. एकाला किल्ली सापडते, तो ती खिशात टाकतो आणि दुसरी वस्तू शोधायला लागतो. तिकडे दुसरी एक जण पाच मिनिटं कुलपापाशी उभी असते. दोघांमध्ये चार हातांचं अंतर, पण बोलणं नाही. म्हणून आमची एकच कळकळीची विनंती : जे दिसेल ते मोठ्याने बोला, अगदी क्षुल्लक वाटलं तरी. सापडलेल्या वस्तू पाटावर एकत्र ठेवा, वापरून झालेल्या बाजूला काढा.

एकदा एक कुटुंब आलं होतं. तिघं इंजिनियर नातवंडं एका कागदावरच्या ठिपक्यांमध्ये संगणकाची भाषा शोधत होती. दहा मिनिटं गेली. स्टुलावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "अरे, ही तर ठिपक्यांची रांगोळी आहे. जोडा की!" ठिपके जोडले आणि आकडा उमटला. ते कोडं आम्ही आता बदललं आहे, पण आजींचा तो चेहरा आम्हाला अजून आठवतो. घरातल्या मोठ्यांना 'तुम्हाला काय कळणार' म्हणून बाहेर बसवू नका. आमच्याकडे बसायची सोय आहे आणि कुठेही वाकून, सरपटून जावं लागत नाही.

हिंट मागा. वेळ जात असेल आणि चिडचिड होऊ लागली असेल तर भिंतीवरची घंटा वाजवा. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 'फ्लो' नावाची अवस्था मांडली आहे : काम आपल्या कुवतीला पुरेपूर ताण देणारं, पण आवाक्यातलं असलं की माणूस त्यात हरवून जातो. फार सोपं झालं तर कंटाळा, फार अवघड झालं तर घालमेल. हिंट देणाऱ्या आमच्या माणसाचं काम तुम्हाला त्या मधल्या जागी ठेवणं हेच आहे.

येताना

१५ मिनिटं आधी या. नियम सांगायला तेवढा वेळ लागतो. मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवावे लागतात. दोन बोटांच्या जोराने जे उघडत नाही ते उघडायचं नाही असं समजा. विजेची बटणं, छत आणि लाल पट्टी लावलेल्या वस्तू खेळात नाहीत. १० वर्षांखालच्या मुलांसोबत एक मोठं माणूस हवं. कुणाला बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा, मधलं दार उघडं ठेवून खेळ होतो.

वेळ संपली आणि पेटी उघडली नाही, तर आम्ही आत येतो आणि उरलेली कोडी तुमच्यासोबत बसून सोडवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त उत्तरं बाहेर कुणाला सांगू नका; पुढच्या आठवड्यात कदाचित तुमचीच मावसभावंडं येणार असतील.