ड्रिबलिंग वेगळं, बॉल घेऊन पळणं वेगळं

लहान पोरांच्या फुटबॉल मॅचला लाइनच्या बाहेरून आई-बाबा आणि कधीकधी कोचसुद्धा "ड्रिबल कर, ड्रिबल कर" ओरडत असतात, आणि समोर बघावं तर वीस मीटर मैदान मोकळं! तिथं ड्रिबल कुणाला करणार? तिथं नुसतं बॉल घेऊन सुटायचं असतं.

ड्रिबलिंग म्हणजे डिफेंडर अंगावर आलाय, दोन-तीन मीटरवर आहे, त्याला चकवायचंय. बॉल पायाला चिकटून, छोटे छोटे टच, गुडघे वाकलेले, खांद्याची हूल, आणि मग एकदम स्पीड बदलायचा. बॉल घेऊन पळताना बरोबर उलटं, बोटं खाली करून लेसच्या जागेनं किंवा पायाच्या बाहेरच्या बाजूनं बॉल चार-पाच मीटर पुढं ढकलायचा, पळायची लय मोडायची नाही आणि दोन टचच्या मध्ये मान वर करून बघायचं. इथं टच जितके कमी तितका स्पीड जास्त.

1986 च्या वर्ल्ड कपमधला अर्जेंटिनाच्या मॅरेडोनाचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल काढून बघा, दोन्ही एकाच गोलमध्ये आहेत. सुरुवातीला स्वतःच्याच हाफमध्ये दोघांच्या मधून गिरकी घेतो ते ड्रिबलिंग, मग उजवीकडून सुसाट सुटतो ते पळणं, आणि पुढं डिफेंडर आडवे आले की परत ड्रिबलिंग. 2014 च्या कोपा देल रे (स्पेनमधला कप) फायनलमधला रियाल माद्रिदच्या गॅरेथ बेलचा गोल मात्र जवळपास नुसता पळण्याचा, बार्सिलोनाचा डिफेंडर बार्त्राच्या बाजूनं बॉल लांब ढकलला आणि स्वतः लाइनबाहेरून वळसा घालून पुढं.

माझ्या मते आपल्याकडं गडबड होते ती कोनमुळं, म्हणजे प्रॅक्टिसला मैदानात मांडतात त्या प्लॅस्टिकच्या शंकूंमुळं. कोनच्या रांगेतून नागमोडी बॉल नेला की ड्रिबलिंगची प्रॅक्टिस झाली असं धरतात, पण कोन काय पाय घालत नाही हो! टचसाठी दहा मिनिटं ठीक, नंतर दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात एकास एक लावा. पळण्यासाठी पंचवीस मीटरवर दोन कोनांचं गेट ठेवा, मागून एक पोरगा पाठलागाला सोडा आणि टच मोजा.

आणि सगळ्यात जास्त वेळ द्या तो एकातून दुसऱ्यात जाण्याला. बरीच पोरं डिफेंडरला मस्त चकवतात आणि तिथंच बॉलशी खेळत बसतात, तोवर तो परत आलेला असतो. चकवल्यावर पुढचाच टच मोठा पाहिजे, तोही चकवलेल्याच्या वाटेत आडवा, म्हणजे त्याला मागून धक्का दिल्याशिवाय बॉल मिळत नाही.