एकच नाकपुडी बंद: पॉलिप की अँजिओफायब्रोमा?

सावंतवाडी असो की चिपळूण, मुलाचं नाक चोंदलेलं राहिलं की दोष दमट हवेला जातो. लहान वयात बहुधा ॲडेनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले असतात. दोन्ही बाजू बंद, रात्री घोरणं, तोंड उघडं. वय वाढलं की ते आपसूक आक्रसतात. पण दहा-बारा वर्षांपुढच्या मुलाची एकच नाकपुडी महिनोन्महिने बंद असेल, तर सर्दीची औषधं बदलत बसू नका. ‘नाकात मांस वाढलंय’ एवढ्यावरही थांबू नका, कारण त्या मांसाच्या दोन अगदी वेगळ्या जाती असू शकतात.

एक म्हणजे अँट्रोकोएनल पॉलिप. गालाच्या हाडातल्या सायनसमध्ये, म्हणजे हवेच्या पोकळीत, उगवतो आणि देठावर लोंबत नाकाच्या मागच्या बाजूला, कधी घशापर्यंत उतरतो. हा ट्यूमर नव्हेच. दुर्बिणीतून ताडगोळ्यासारखा फिकट, पाणीदार दिसतो. मुलगा-मुलगी कुणालाही होतो, रक्त सहसा येत नाही. मात्र सायनसमधल्या मुळासकट काढला नाही, तर पुन्हा वाढतो.

दुसरा ज्युवेनाइल अँजिओफायब्रोमा. हा खरा ट्यूमर, दुर्मीळ, आणि जवळजवळ फक्त मुलग्यांना, ऐन वयात येताना होणारा. कॅन्सर नसला तरी गालामागे, डोळ्याच्या खोबणीत, कवटीच्या तळापर्यंत पसरू शकतो. याची खूण म्हणजे त्याच बाजूने, काही न दुखता, पुन्हा पुन्हा फुटणारा घोळणा.

नेमकी इथेच आपली चूक होते. वैशाखात घोळणा फुटला की उष्णता झाली म्हणायचं, कांदा हुंगायला द्यायचा, कोकम सरबत पाजायचं. सरबत जरूर द्या. बहुतेक घोळणे नाकाच्या पुढच्या पडद्यातून येतात आणि पुढे वाकून बसवून नाकाचा मऊ भाग 10 ते 15 मिनिटं दाबून धरला की थांबतात. पण नाक एका बाजूने बंद आणि रक्तही तिथूनच, ही जोडी दिसली की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायलाच हवं.

आणि स्कॅनच्या आधी कुणालाही त्या मांसाचा तुकडा काढू देऊ नका. पॉलिपमध्ये ते फारसं बिघडवत नाही. अँजिओफायब्रोमाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मात्र स्नायूंचा थर नीट नसतो. कापल्यावर त्या आकसत नाहीत आणि रक्त थांबवणं जिवावर बेततं. डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून टोचायचं औषध) देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ही गाठ रक्ताने भरून उजळते, सायनसची मागची भिंत पुढे ढकललेली दिसते. मग एमआरआय, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या एक ते तीन दिवस आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून बंद करणं. हे तालुक्याच्या गावी होणारं काम नाही. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळी, रत्नागिरीतून कोल्हापूर किंवा मुंबई गाठताना धमन्या बंद करण्याची सोय तिथे आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

दोन्हींची शस्त्रक्रिया आज बहुधा नाकातूनच, दुर्बिणीने होते. अँजिओफायब्रोमाचा अंश मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो, म्हणून मुलगा अगदी ठणठणीत दिसला तरी पुढच्या तपासण्या आणि एमआरआय चुकवू नका.