कानाचा ड्रॉप, डोळ्याचा ड्रॉप आणि त्यामागची माती

आमच्या गावच्या मेडिकलवर मी सहा वर्षं काउंटरला होतो, आणि त्या सहा वर्षांत नाव घेऊन ड्रॉप मागणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळे "भाऊ, कानाचा ड्रॉप दे", कोणता विचारलं की "थोच, मांगच्या पोळ्याले नेलता". आणि मी द्यायचो, खोटं कशाला बोलू. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तर त्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसलो, तर त्यात एक नाही चार औषधं निघाली: क्लोरॅमफेनिकॉल, क्लोट्रिमॅझोल, बेक्लोमेथासोन, लिग्नोकेन. प्रत्येकाचं गाव वेगळं, साल वेगळं, आणि खोडही वेगळी.

पहिलं क्लोरॅमफेनिकॉल. 1947 साली दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जंतूपासून हे सापडलं आणि दोनच वर्षांत कारखान्यात रसायनापासून बनायला लागलं, असं मोठ्या प्रमाणावर बनलेलं हे पहिलंच अँटिबायोटिक. टायफॉइडवर जादूच होती. पण 1950 पासूनच बातम्या यायला लागल्या की काही पेशंटच्या हाडातला मगज रक्त बनवणंच बंद करतो. असं क्वचित होतं, पण झालं की जीवावरच बेततं. म्हणून गोळ्या मागे पडल्या आणि थेंब राहिले. थेंबांनी पण असं होतं का यावर डॉक्टर लोकांचे वाद झाले, अमेरिकेत ते सहसा टाळतात आणि ब्रिटनमध्ये 2005 पासून डोळ्याचा ड्रॉप चिठ्ठीशिवाय मिळते! डोळ्याचा हा ड्रॉप ठेवायचा असतो फ्रीजमध्ये, 2 ते 8 डिग्रीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, लाइट गेलेली, आणि बाटली चुलीच्या वरच्या कोनाड्यात.

बुरशीवरच्या औषधांची गोष्ट उशिरा सुरू होते. पेनिसिलिन 1928 चं, ते बुरशीपासूनच निघालेलं, पण मारते जंतूंना, बुरशीला नाही. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन बाया, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन, यांनी एका शेतातल्या मातीतून बुरशीवरचं निस्टॅटिन काढलं, राज्याच्याच नावावरून नाव ठेवलं. आपल्या पिंपरीचं पण यात नाव आहे बरं का. तिथे 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी निघाली पेनिसिलिनसाठी, आणि 1961 मध्ये तिथल्याच मातीतल्या जंतूपासून थिरुमलाचार यांनी हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध शोधलं, पुढे ऑरियोफंजिन निघालं ते तर पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलं गेलं. आपल्या बाटलीतलं क्लोट्रिमॅझोल मात्र मातीतलं नाही, जर्मनीच्या बायर कंपनीने 1960 च्या दशकाच्या शेवटी प्रयोगशाळेत बनवलेलं.

ही बुरशी कानात येते कुठून? त्याला बराचसा आपलाच हात. कान ठणकला की लसूण कढवलेलं तेल, खाजला की आगपेटीची काडी, नाहीतर चाबी. पावसाळ्यात रोवणी-निंदणीत भिजून आलं की कानात ओल, वरून तेल, आणि काडीने आतली कातडी खरचटलेली. मग ओल्या पेपरच्या बोळ्यासारखा मळ निघते, त्यावर काळे ठिपके, ती अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. आणि नुसता अँटिबायोटिकचा ड्रॉप महिना महिना टाकला तरी हेच होते, कारण बुरशीला आवरून धरणारे जंतू मरतात आणि तिला मैदान मोकळं.

लिग्नोकेन स्वीडनचं, 1943 चं, बधिर करायचं. ठणका थांबते, माणूस समजते बरं झालं.

आता कानाच्या पडद्याचं. लहानपणापासून "कान फुटलाय" म्हणून फिरणारे लोक प्रत्येक गावात आहेत, म्हणजे पडद्याला भोक आणि आतून पू. कानाच्या काही दुसऱ्या थेंबांत निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असते, ते 1949 मध्ये सेलमन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन पण तिथलंच. स्ट्रेप्टोमायसिनने काहींचं ऐकू येणं जाते, तोल जाते, हे सुरुवातीलाच दिसलं होतं. निओमायसिन तर त्याहून कडक, इंजेक्शनात झेपेना म्हणून मलमात आणि थेंबांत गेलं. चामडीवर चालते, पण पडद्याला भोक असलं की थेंब आत पोचून आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशींनाच धोका. जेंटामायसिन त्याच कुळातलं. म्हणूनच 1997 मध्ये अमेरिकेत ऑफ्लॉक्सासिनचा कानाचा ड्रॉप मंजूर झाला ते मोठं काम होतं, पडद्याला भोक असलं तरी चालेल असा. पण भोक आहे का नाही हे काउंटरवरून दिसत नाही, कानात दुर्बीण घालणाऱ्यालाच दिसते. आणि फ्रीजमधला ड्रॉप थेट कानात टाकला तर घरच फिरते डोळ्यापुढे, बाटली दोन-चार मिनिटं मुठीत धरावी लागते.

राहिलं चौथं, बाटलीतलं बेक्लोमेथासोन, म्हणजे सूज-लाली दाबणारं स्टिरॉइड, आणि माझं खरं दुखणं हेच. त्याच कुळातलं कॉर्टिसोन 1948 मध्ये पहिल्यांदा संधिवाताच्या पेशंटला दिलं, अंथरुणावरचे लोक चालायला लागले आणि 1950 मध्ये नोबेल मिळालं. लगेच ते डोळ्याच्या थेंबांत आलं. लाली जाते, खाज जाते, दोन दिवसात डोळा काचेसारखा स्वच्छ. पण लाली म्हणजे शरीराची लढाई असते, ती थांबली की जंतू काही मेलेला नसते. पुढच्या काही वर्षांतच डॉक्टरांना दिसलं की या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढते, काचबिंदू होते, मोतीबिंदू लवकर येते, आणि बुबुळावर बुरशी असली तर ती जोरात फोफावते. पाऊण शतक होत आलं या गोष्टीला आणि आमच्या इकडे अजून अँटिबायोटिक अधिक डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची बाटली "लाल डोयाचा ड्रॉप" म्हणून हातोहात जाते. कागदावर हे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, शेड्यूल एच आहे, लाल रेघ आहे. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्याची साथ आली तेव्हा तर खोक्यावर खोके संपले, आणि ती बहुतेक व्हायरसची साथ, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आपोआप बरी होणारी.

बुबुळावरच्या बुरशीचा पहिला पेशंट पण शेतकरीच. 1879 मध्ये जर्मनीतल्या थिओडोर लेबर या डॉक्टरांनी नोंदवला, मळणी करताना डोळ्यात ओटचं भुसकट उडालेला. म्हणजे आपल्या भाषेत कुटार! सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार मळणी यंत्रातून उडते तेव्हा डोळ्यात काय जाते, तर बारीक काडी आणि तिच्यावरची बुरशी. तेव्हा पहिलं काम चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, आणि दुसऱ्या दिवशीही दुखत असलं, धूसर दिसत असलं तर डोळ्याचा डॉक्टर.

आमच्या काकाच्या डोळ्यात तुरीचं कुटार गेलं आणि मीच त्याला तो लाल डोळ्याचा ड्रॉप दिला. आठ दिवस एकदम छान, थेंब टाकला की आराम, मग पांढरा ठिपका. शहरातल्या दवाखान्यात बुबुळ खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, बुरशी निघाली. नॅटामायसिन लिहून दिलं. हे पण मातीतलंच, दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातलं, 1955 चं, अमेरिकेत 1978 मध्ये मंजूर झालेलं, आणि मदुराईच्या अरविंद रुग्णालयासारख्या ठिकाणी झालेल्या मोठ्या तुलनेत 2013 मध्ये ते नव्या महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं. पांढरं दुधासारखं असते, खाली गाळ बसते म्हणून हलवूनच टाकायचं. तासातासाला, रात्री पण, काकू गजर लावून उठायची. तिथल्या सिस्टरने तिला शिकवलं की एकच थेंब, खालच्या पापणीच्या खाचेत जास्त मावतच नाही, बाकीचा गालावर जाते. नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा नाहीतर औषध घशात उतरते. दुसरा ड्रॉप असला तर पाच मिनिटं मध्ये सोडायची. टोक डोळ्याला लावायचं नाही. आणि डोळ्याची बाटली फोडली त्या दिवशी तारीख लिहायची, चार आठवड्यांनी उरलं तरी फेकायची. हे मला सहा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

दोन महिने लागले. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं, त्या डोळ्याने आता उजेड आणि माणसाचा आकार तेवढा दिसते. मळणीच्या दिवसात भेटला की अजून विचारते, "थो लाल डोयाचा ड्रॉप इकते का रे अजून तुया मालक?"

मी ते काम सोडलं. मालक विकते.