आयरिश लेखिका आणि राजकीय इतिहास

आयर्लंडमधील राजकीय घडामोडींना स्त्रियांनी कविता, कादंबरी, नाटक आणि आठवणी यांतून दिलेले साहित्यरूप. १७९८ चा उठाव, १८०१ मध्ये ग्रेट ब्रिटनशी झालेले विलीनीकरण, १८४५ पासूनचा महादुष्काळ, १९१६ चा ईस्टर उठाव, स्वातंत्र्ययुद्ध, फाळणी आणि उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांचा रक्तपात हे या लेखनाचे मुख्य विषय. आयरिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत ते झाले आहे. रणांगण आणि संसदगृह त्यात क्वचित दिसते. बहुतेक वेळा इतिहास घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो, आणि घरातली बाई तो कसा पाहते, कसा सोसते, कधी कसा धुडकावते हे लेखिका सांगते.

या परंपरेचे मूळ छापील पुस्तकांच्या आधीचे आहे. कॉर्क परगण्यात कॅरिगनिमा येथे ४ मे १७७३ रोजी आर्ट ओ'लिअरी हा कॅथलिक तरुण गोळी लागून मेला. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी म्हणून नोकरी करून तो गावी परतला होता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. प्रोटेस्टंट माणसाने पाच पौंड पुढे केले की जनावर त्याच्या हवाली करावे लागे. ओ'लिअरीने आपली घोडी द्यायचे नाकारले आणि त्यातून पुढचे वैर पेटले, असे परंपरा सांगते. त्याची बायको आयलीन डव नी खोनिल हिने त्याच्यासाठी आयरिशमध्ये केलेला विलाप कित्येक वर्षे रडणाऱ्या बायकांच्या तोंडी राहिला आणि नंतर लिहून घेतला गेला. रिकाम्या खोगिराची घोडी दारात येते. आयलीन म्हणते, माझी पहिली उडी उंबरठ्यावर, दुसरी फाटकाशी, तिसरी घोडीच्या पाठीवर. प्रेतापाशी पोहोचल्यावर ती नवऱ्याचे रक्त ओंजळीने पिते. मारणाऱ्याला ती नाव घेऊन शाप देते. प्रेताजवळ जागरण चालू असताना नणंद टोमणा मारते की ही खुशाल झोपायला गेली. त्यावर आयलीनचे उत्तर असे, की मी झोपले नव्हते, मुलांना झोपवत होते. दडपशाहीचा कायदा, सूड आणि अंगाई एकाच गीतात येते ती अशी. पुढे कॅथलिकांना हक्क मिळवून देणारा पुढारी डॅनिएल ओ'कॉनेल हा आयलीनच्या भावाचा मुलगा.

छापील कादंबरीत हे काम प्रथम केले ते मरिया एजवर्थ यांनी. 'कॅसल रॅकरेंट' १८०० मध्ये प्रसिद्ध झाली, विलीनीकरण अमलात येण्याच्या एक वर्ष आधी. एजवर्थ जमीनदारांच्या घरातल्या. वडील शेवटच्या आयरिश संसदेचे सदस्य होते. १७९८ मध्ये बंडखोरांच्या मदतीला आलेली फ्रेंच फौज किलाला येथे उतरून लाँगफर्ड परगण्यापर्यंत आली, तेव्हा या कुटुंबाला घर सोडून पळावे लागले होते. असे असूनही कादंबरी सांगायला त्यांनी निवडला तो थॅडी नावाचा म्हातारा कारभारी. एकामागून एक आलेल्या चार मालकांचे गुण तो गातो आणि गाता गाता त्यांचे दिवाळे उघडे पाडतो: उधळपट्टी, कर्ज, कुळांची पिळवणूक. एक मालक श्रीमंत यहुदी बायको करून आणतो. ती आपला हिऱ्यांचा क्रॉस देत नाही म्हणून तिला सात वर्षे खोलीत कोंडतो. थॅडी हे निर्विकारपणे सांगतो आणि पुढे जातो. शेवटी सगळी इस्टेट त्याच्याच वकील मुलाच्या घशात जाते. सत्ता हातातून निसटताना ती कशी दिसते हे इतक्या थंडपणे सांगणारी दुसरी कादंबरी त्या काळात सापडणे कठीण. कोंडलेल्या बायकोचा प्रसंग वाचक अनेकदा विसरतात. माझ्या मते पुस्तकाची किल्ली त्याच खोलीत आहे.

सिडनी ओवेनसन, पुढे लेडी मॉर्गन, यांचा पिंड अगदी वेगळा. 'द वाइल्ड आयरिश गर्ल' (१८०६) मध्ये इंग्रज जमीनदाराचा मुलगा पडक्या किल्ल्यातील सरदारकन्या ग्लोर्विनाच्या प्रेमात पडतो आणि विलीनीकरणाला विवाहाचे रूप मिळते. पानोपानीच्या तळटीपांतून आयरिश संगीत, पोशाख आणि प्राचीनतेची बाजू मांडलेली आहे. प्रेमकथा हे बरेचसे निमित्त. मराठी आणि कोकणी वाचकाला जवळची वाटावी अशी त्यांची कादंबरी मात्र 'द मिशनरी' (१८११). हिलारियन नावाचा पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक गोव्याला येतो, काश्मीरमध्ये लक्सिमा या ब्राह्मण पुजारिणीवर त्याचा जीव जडतो आणि दोघेही गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हाती सापडतात. कथेच्या काळात पोर्तुगालवर स्पेनचे राज्य आहे. म्हणजे दुसऱ्यांवर राज्य करणारे स्वतःही परक्याच्या अमलाखाली. आयरिश लेखिकेला ही गुंतागुंत सुचावी यात नवल नाही. लेडी मॉर्गन भारतात कधीच आल्या नाहीत, त्यांचा भारत ग्रंथालयात जमवलेला आहे, आणि ते जाणवते. तरीही गोव्यातील धर्मसत्तेकडे आयरिश डोळ्यांनी पाहणारी ही कादंबरी आपल्याकडे जेवढी वाचली जायला हवी तेवढी वाचली गेली नाही. १८५७ च्या उठावानंतर तिची सुधारित आवृत्ती लक्सिमाच्या नावाने निघाली.

बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि १८४५ पासून दुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. धान्याची जहाजे मात्र बाहेर जातच होती. जेन एल्गी 'स्पेरान्झा' या टोपणनावाने 'द नेशन' या राष्ट्रवादी साप्ताहिकात लिहीत. १८४७ मधील त्यांच्या कवितेत कापणी करणाऱ्यांना विचारले जाते, काय पेरता? उत्तर येते, प्रेते. ऑस्कर वाइल्ड हा त्यांचा मुलगा. आज त्यांची ओळख तेवढीच उरावी हे खटकते.

दीडशे वर्षांनी ईव्हान बोलंड त्याच दुष्काळाकडे वळल्या, पण आवाज खाली आणून. 'क्वारंटीन' या कवितेत १८४७ सालचे एक जोडपे वर्कहाउसमधून, म्हणजे निराधारांकडून काम करून घेणाऱ्या आश्रयगृहातून, बाहेर पडून उत्तरेकडे चालू लागते. बायकोला ताप आहे, नवरा तिला पाठीवर घेतो. सकाळी दोघे मेलेले सापडतात, आणि तिची पावले त्याच्या छातीच्या हाडाला टेकलेली असतात. अंगातली शेवटची ऊब त्याने तिच्या पायांना दिलेली असते. दुसऱ्या एका कवितेत दुष्काळी कामावर बांधलेले रस्ते येतात. मजूर जिथे कोसळले तिथेच हे रस्ते संपतात, आणि नकाशावर त्यांची रेघ नसते. बोलंड (१९४४–२०२०) यांनी गद्यातही हा मुद्दा लावून धरला. आयरिश कवितेने देशाला सतत स्त्रीरूप दिले, कधी राणी, कधी दुःखी म्हातारी. या रूपकाच्या ओझ्याखाली खऱ्या बायका, त्यांचे श्रम आणि त्यांची भूक गाडली गेली, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या रूपकाचा सर्वांत प्रभावी आविष्कार म्हणजे 'कॅथलीन नी हूलिहान' हे नाटक, आणि त्यात एका स्त्रीचाच मोठा हात आहे. २ एप्रिल १९०२ रोजी डब्लिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. काळ १७९८, जागा किलालाजवळचे शेतकऱ्याचे घर. उद्या मुलाचे लग्न आहे, हुंड्याचे पैसे मोजून झाले आहेत. एवढ्यात एक म्हातारी दारात येते. आपली चार हिरवी शेते परक्यांनी हिसकावली असे ती सांगते आणि नवरदेव तिच्या मागे लढायला निघून जातो. शेवटी धाकटा भाऊ सांगतो, मला म्हातारी दिसली नाही, राणीच्या चालीने जाणारी तरुणी दिसली. नाटक कवी विल्यम बटलर येट्सच्या नावावर गाजले. घरातील बहुतेक संवाद ऑगस्टा ग्रेगरी यांचे आहेत. हस्तलिखिताच्या पहिल्या भागावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे की हे सर्व केवळ माझे. चुलीजवळच्या त्या बोलण्याशिवाय म्हातारीच्या हाकेला वजनच आले नसते.

ग्रेगरींनी एकटीने लिहिलेली 'द जेल गेट' (१९०६) ही एकांकिका त्या नाटकाच्या शेजारी ठेवून वाचावी. गॉलवे तुरुंगाच्या दाराशी पहाटे दोन खेडवळ बायका उभ्या आहेत, कैद्याची आई आणि बायको. त्याने साथीदारांची नावे फोडली अशी गावात कुजबुज आहे. बायकांच्या पदरात तुरुंगातून आलेले पत्र आहे, पण दोघींनाही वाचता येत नाही. पहारेकरी दार उघडतो तेव्हा कळते की त्याला फाशी झाली आणि त्याने कुणाचेही नाव घेतले नव्हते. बायको कोसळते, आई मात्र आयलीनच्या जातकुळीचा विलाप सुरू करते, त्यात दुःखाइतकाच अभिमान. न वाचलेले पत्र पदरात बाळगणारी ही दोन माणसे मला त्या राणीपेक्षा अधिक खरी वाटतात.

१९१६ च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यात 'आयरिश पुरुषांनो आणि आयरिश स्त्रियांनो' अशी साद होती. त्याआधीच १९०८ मध्ये मताधिकारासाठी आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग निघाली होती. तिच्या संस्थापकांपैकी मार्गारेट कझिन्स तुरुंगवास भोगून १९१५ मध्ये भारतात आल्या. १९२७ मध्ये पुण्यात भरलेली अखिल भारतीय महिला परिषद त्यांच्या पुढाकाराने झाली. पतीसमवेत लिहिलेल्या त्यांच्या आत्मकथनात दोन्ही देशांचे लढे सलग येतात.

ब्रिटनशी झालेल्या तहावरून १९२२–२३ मध्ये पेटलेल्या यादवी युद्धात डॉरथी मॅकार्डल तहविरोधी प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने होत्या आणि तुरुंगात गेल्या. 'अर्थ-बाउंड' (१९२४) मधील भुताखेतांच्या कथा कोठडीतल्या. पुढे त्यांनी 'द आयरिश रिपब्लिक' (१९३७) हा भलाथोरला इतिहास लिहिला. त्याला तेव्हाचे सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी डी व्हॅलेरांच्या राज्यघटनेने स्त्रीचे घरातील जीवन हा राज्याला आधार असल्याचे कलम घातले, तेव्हा मॅकार्डल यांनी त्यांना विरोध कळवला. कलम ४१.२ अजूनही घटनेत आहे. मार्च २०२४ च्या सार्वमतात ते बदलण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला.

एलिझाबेथ बोएन यांनी पलीकडच्या बाजूचे चित्र काढले. 'द लास्ट सप्टेंबर' (१९२९) १९२० मध्ये घडते. डॅनिएल्सटाउन या जमीनदारी वाड्यात टेनिस चालते, इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर नाच होतात, आणि रात्री झुडपांतून ट्रेंचकोट घातलेला एक माणूस घाईने निघून जातो. तरुण लोइस त्याला पाहते. तो तिच्याकडे बघतसुद्धा नाही. अखेर वाडा पेटवला जातो. पाहुण्यांसाठी कायम उघडे असलेले दार तसेच उघडे असते, आत भट्टी. लेखिकेचा स्वतःचा वाडा, बोएन्स कोर्ट, या आगीतून वाचला. १९५९ मध्ये तो विकावा लागला आणि नंतर पाडला गेला.

स्वतंत्र झालेल्या नव्या आयरिश राज्याने १९२९ मध्ये ग्रंथनियंत्रणाचा कायदा केला. केट ओ'ब्रायन यांच्या 'द लँड ऑफ स्पायसेस' (१९४१) वर एका वाक्यावरून बंदी आली, एडना ओ'ब्रायन यांच्या 'द कंट्री गर्ल्स' (१९६०) वरही आली. या पुस्तकांत बंदुका नाहीत. मुली, मठ, शाळा आणि प्रेम आहे. सरकारला ते धोकादायक वाटले, यावरून राजकारण कुठवर पोहोचले होते ते कळते.

ब्रिटनच्या अमलाखाली राहिलेल्या उत्तर आयर्लंडमधील संघर्षात १९६८ ते १९९८ या काळात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. मेरी बेकेट यांच्या 'गिव्ह देम स्टोन्स' (१९८७) मधील मार्था बेलफास्टमध्ये घरी पाव भाजून विकते. दारासमोर पोरावर गोळी झाडली गेल्यावर ती आयआरएला (आयरिश रिपब्लिकन आर्मी ही सशस्त्र संघटना) वर्गणी द्यायचे बंद करते, आणि तिची भट्टी जाळली जाते. ॲना बर्न्स यांच्या 'मिल्कमन' (२०१८) या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. तिच्यात शहराला नाव नाही, माणसांनाही नाही. अठरा वर्षांची निवेदिका रस्त्याने चालता चालता एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्या वाचते. एक वजनदार बंडखोर तिच्या मागे लागतो आणि गाव गृहीत धरते की तिचेच काहीतरी आहे. तिथे लोण्यालाही पक्ष असतो, हे आपले लोणी आणि ते त्यांचे. पाळत, अफवा आणि लैंगिक दहशत एकमेकांत कशी मिसळते हे मला या कादंबरीने जितके कळले तितके कुठल्याही अहवालाने नसते कळले.

दक्षिणेत लेखिकांनी चर्च आणि राज्य यांच्या युतीला हात घातला. १९८४ मध्ये लाँगफर्ड परगण्यातील ग्रॅनार्ड गावी पंधरा वर्षांची मुलगी मेरीमातेच्या पुतळ्यापाशी एकटीच बाळंत झाली. ती आणि बाळ दोघेही दगावले. पॉला मीहान यांच्या कवितेत तो पुतळाच बोलतो आणि कबूल करतो की मी जागची हलले नाही. पॅट्रिशिया बर्क ब्रोगन तरुणपणी नन होण्याच्या तयारीत असताना मॅग्डलेन लॉन्ड्रीत, म्हणजे 'पतित' ठरवलेल्या बायकांना राबवणाऱ्या मठाच्या धुलाईघरात, काम करून आल्या होत्या. 'एक्लिप्स्ड' (१९९२) हे त्यांचे नाटक तिथल्या कोंडलेल्या बायकांचे. पुढच्याच वर्षी डब्लिनमधील एका मठाची जमीन विकताना १५५ बायकांचे अवशेष उकरून काढले गेले. सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये. क्लेअर कीगन यांच्या 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) मध्ये १९८५ च्या नाताळात न्यू रॉसचा कोळसाविक्या मठाच्या कोळशाच्या कोठारात कोंडलेली मुलगी पाहतो आणि तिला भर गावातून आपल्या घरी घेऊन येतो. पुस्तकाच्या आरंभी १९१६ चा जाहीरनामा उद्धृत केला आहे, राष्ट्राच्या सर्व लेकरांना समान जपण्याचे वचन त्यात आहे.

या लेखनाला मान्यता सहज मिळालेली नाही. १९९१ मध्ये आयरिश साहित्याचा 'फील्ड डे' हा तीन खंडांचा महाग्रंथ निघाला, त्यात स्त्रियांचे लेखन इतके तुटपुंजे होते की मोठा वाद झाला. २००२ मध्ये केवळ स्त्रियांच्या लेखनाचे दोन खंड जोडावे लागले. त्यांत कवितांच्या बरोबरीने पत्रे, मौखिक गीते आणि चळवळीतील पत्रकेही आहेत. ईस्टर उठावाच्या २०१६ मधील शताब्दीसाठी डब्लिनच्या ॲबी या राष्ट्रीय नाट्यगृहाने जाहीर केलेल्या दहा नाटकांत स्त्रीने लिहिलेले एकच होते, आणि त्यावरून पुन्हा आंदोलन झाले.

डिरिन नी ग्रीफा यांचे 'अ घोस्ट इन द थ्रोट' (२०२०) आयलीन डवपाशी परत जाते. लहान मुले सांभाळत, अंगावरचे दूध काढत, कामाच्या याद्या खोडत लेखिका तो विलाप पाठ करते, त्याचे इंग्रजी भाषांतर करते आणि आयलीनच्या आयुष्याचे धागे शोधत दफ्तरे पालथी घालते. सापडतात ते तिचे भाऊ, नवरा, मुलगे आणि नातवंडे. किल्क्रिया येथील मठाच्या भग्नावशेषांत आर्ट ओ'लिअरीची समाधी आहे, तिच्यावर त्याच्या औदार्याचे, रूपाचे आणि शौर्याचे वर्णन कोरलेले आहे. आयलीनला कुठे पुरले ते कुणाला ठाऊक नाही.