घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण व संकलन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करणे, त्या शब्दशः लिहून काढणे आणि घरातील जुनी कागदपत्रे व छायाचित्रे यांच्याशी पडताळून त्यांचे पुस्तक बांधून देणे, हे काम आम्ही नागपूर शहरात आणि जिल्ह्यात करतो. काम सोपविण्यापूर्वी ते कसे चालते आणि कुटुंबाने त्यासाठी काय तयारी ठेवावी, हे आपल्याला नीट कळावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

सुरुवात कोणापासून करावी

बहुतेक कुटुंबे आमच्याकडे येताना वंशावळ घेऊन येतात आणि तिच्यात केवळ पुरुषांची नावे असतात. वंशावळ उपयोगाची आहेच, परंतु ती कागदांवरून पुढेही उभी करता येते. मालगुजारीच्या (जुन्या महसूल पद्धतीच्या) काळातील जमीन बंदोबस्ताचे कागद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, गावच्या कोतवाल पंजीतील जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्र्यंबकेश्वर, प्रयाग किंवा गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, यांपैकी कशात तरी पणजोबांचे नाव बहुधा सापडते. पणजीचे मात्र सहसा सापडत नाही, कारण शेत तिच्या नावावर नव्हते, शाळेत तिला कोणी घातले नव्हते आणि माहेरचे नाव तर लग्नाच्या मांडवातच बदलले होते. महाराष्ट्रात बाळाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे शासकीय कागदपत्रांत बंधनकारक झाले तेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी. त्याआधीच्या कितीतरी आयांची आणि आज्यांची नावे, त्यांची माहेरची गावे आणि त्यांच्या कष्टांचा तपशील आज बहुधा केवळ माणसांच्या स्मरणात आहे.

म्हणून पहिली बैठक घरातील सर्वांत वयस्क स्त्रीची ठेवावी, असा आमचा आग्रह असतो, मग ती आजी असो, मोठी आत्या असो किंवा काकू. त्या सुरुवातीला "मले काय आठवते, यायलेच इचारा" असे म्हणतात आणि घरचेही ते खरे मानतात. कृपया तसे मानू नये. बैठकीत त्यांच्याजवळ पती किंवा मुलगा बसलेला असेल तर उत्तरे तोच देऊ लागतो, त्यामुळे ही बैठक शक्यतो त्यांच्या एकटीची ठेवावी आणि सोबतीला फार तर नात किंवा सून असावी.

काय विचारावे

बैठकीतील प्रश्न आम्ही विचारतो, तरीही घरच्यांनी आपापले प्रश्न लिहून द्यावेत, कारण घरातील खाणाखुणा घरच्यांनाच ठाऊक असतात. प्रश्न लिहिताना तारखा, पदे आणि सत्कार यांच्यावर भर नसावा. "लग्नाच्या वेळी तुमचे वय किती होते?" या प्रश्नाला "आठवत नाही" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "सासरी पहिल्या दिवशी पाणी कोठून आणले?" असे विचारले की विहीर किती खोल होती, दोर कशाचा होता, गुंडी डोक्यावर कोणी चढवून दिली, वाटेत कोणत्या दाराशी पदर सावरावा लागे आणि सासूबाई घागर उतरवताना काय म्हणाल्या, हे सारे ओळीने येते आणि ओघात वयही येते. जात्यावरच्या ओव्या, नाव घेताना म्हटलेला पहिला उखाणा, गोळाभातावर ओतायचे फोडणीचे तेल, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची चाके कोण करून देई, असे विषय किरकोळ वाटले तरी वगळू नयेत. नातवंडांना पुढे हवे असते ते हेच, असे आम्ही पूर्ण विश्वासाने सांगतो.

पुरुषांच्या बैठकीतही कामाचा तपशीलच विचारावा. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, एवढे घरात सर्वांना माहीत असते. ते कोणत्या खात्यात होते, पाळी केव्हा सुटे, पगाराच्या दिवशी इतवारीतून घरी काय आणत आणि कापसाच्या तंतूंनी खोकला लागला तेव्हा काय औषध घेत, हे मात्र सहसा कोणीच विचारलेले नसते.

वर्ष आठवत नसेल तर ते सर्वांना माहीत असलेल्या घटनेशी जोडून काढता येते. धाकटा मुलगा गांधीजी गेले त्याच्या आधी झाला की नंतर, घर बांधले ते बांगलादेशच्या लढाईपूर्वी की नंतर, असे विचारले की उत्तर चटकन येते. नरखेड तालुक्यातील कुटुंबांसाठी १९९१ चा मोवाडचा महापूर ही अशीच खूण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेला ज्या घरांतून माणसे गेली, त्या घरांनी त्या दिवसासाठी स्वतंत्र बैठक ठेवावी. गावाहून कसे निघाले, पांढरे पातळ कोठून आणले, वाटेत काय खाल्ले, मुक्काम कोठे केला आणि परत गेल्यावर घरात काय काय बदलले, हे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी राहिली आहेत आणि त्यांच्या बैठकांना आम्ही इतर कामांपेक्षा आधी वेळ देतो.

बोली

लिहून काढताना आम्ही सांगणाऱ्यांची भाषा बदलत नाही. "मी जाऊन राहिली होती" हे "मी जात होते" असे केले जात नाही, आणि घरात हलबी, पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलली जात असेल तर बैठक त्याच भाषेत होते व मराठी भाषांतर सोबत दिले जाते. छापील पुस्तकात भाषा शुद्ध करून घ्यावी, अशी विनंती काही कुटुंबे करतात. आम्ही ती नम्रपणे नाकारतो, कारण आजीचे बोलणे पुस्तकी केले की ते वाचताना तिचा आवाज ऐकू येत नाही.

बैठकीची जागा आणि वेळ

एक बैठक साधारण एक ते दीड तासाची असते, त्याहून अधिक वेळ वृद्धांना झेपत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून बसणे शक्य नसते आणि कूलर सुरू असला की ध्वनिमुद्रण निकामी होते, म्हणून एप्रिल ते जून या काळात आम्ही केवळ सकाळी लवकरच्या बैठका घेतो. सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतरचा आणि थंडीचा. गाद्या, पडदे, कपाटे असलेली झोपण्याची खोली मोकळ्या दिवाणखान्यापेक्षा बरी, कारण रिकाम्या भिंतींवरून आवाज घुमतो. सांगणाऱ्यांची प्रकृती बरी नसेल तर दिवस पुढे ढकलावा, त्याचे शुल्क आकारले जात नाही.

कागद आणि छायाचित्रे

जुना कागद जपण्यासाठी अनेकजण त्याचे लॅमिनेशन करून घेतात. कृपया ते करू नये. उष्णतेने चिकटवलेला प्लास्टिकचा थर पुढे काढता येत नाही आणि कागद त्याच्या आतच खराब होत जातो. छायाचित्रे चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नयेत, ती आम्ही अल्बमसकट स्कॅन करतो. छायाचित्रातील माणसांची नावे मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहावीत, कारण बॉलपेन पुढच्या बाजूस उमटतो. हे काम तर आमची वाट न पाहता आजच करण्यासारखे आहे.

आमच्या भेटीपूर्वी पोथ्यांची शेवटची पाने, आहेराच्या वह्या, जन्मपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या व शाळेचे दाखले काढून ठेवावेत, पण झाडू-पुसू नयेत आणि क्रमही लावू नये. कोणता कागद कोणत्या कागदासोबत ठेवला होता, यावरूनही बरेच काही कळते. शाळेच्या दाखल्यावरची १ जुलै ही जन्मतारीख बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते, खरा दिवस पत्रिकेत किंवा आजीच्या स्मरणात असतो. आम्ही दोन्ही नोंदवतो. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षअखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, म्हणजे शके १८५० चा चैत्र १९२८ मधला आणि त्याच वर्षाचा फाल्गुन १९२९ मधला. मोडी लिपीतील कागद जाणकारांकडून वाचून घेतले जातात व त्याचा खर्च आधी कळवला जातो. एकाच घरातल्या भावंडांच्या दाखल्यांवर मध्यप्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी वेगवेगळी नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये. घर तेच होते, १९५०, १९५६ आणि १९६० या वर्षांत राज्य बदलत गेले.

हाती काय येते

मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात दिले जाते. ते तासाला सुमारे ५०० एमबी जागा घेते, पण त्यात आवाजातले काही गाळलेले नसते. फोनवर ऐकण्यासाठी एमपीथ्री प्रती वेगळ्या मिळतात. छायाचित्रे ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचास ६०० ठिपके इतक्या बारकाईने, स्कॅन केली जातात. सर्व सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे असावी. केवळ पेन ड्राइव्हवर विसंबू नये आणि पाच-सहा वर्षांनी सर्व फाइली नव्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

संमती आणि हक्क

ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क करारपत्राने लेखी स्वरूपात आपल्या कुटुंबाकडे दिले जातात आणि आमच्याकडील प्रत आपण सांगाल तेव्हा पुसली जाते. बैठकीत जुने तंटे, वाटण्या, कोणाचे दुसरे लग्न, गेलेले मूल असे विषय निघतात. असा भाग पुस्तकात घ्यावा की नाही, हे सांगणारी व्यक्तीच ठरवते, शुल्क भरणारी नव्हे. लिहून काढलेला मजकूर त्यांना पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय आम्ही तो छपाईस देत नाही, आणि एखादा भाग आपल्या पश्चात उघडावा अशी त्यांची इच्छा असेल तर तो वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करून, त्यावर त्यांची सही घेऊन, त्या सांगतील त्या व्यक्तीच्या हाती दिला जातो.

पहिल्या भेटीचे शुल्क नाही. दरपत्रक आणि करारपत्राचा नमुना सोबत जोडला आहे.