जपमाळ किती मिनिटांत संपते?

१०८ मण्यांची माळ ओढायला किती वेळ लागतो, हे जप करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घड्याळ लावून पाहिलेलं असतं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. एका श्वासाला एक मणी आणि मिनिटाला सहा श्वास असा हिशेब धरला तर माळेला १८ मिनिटं लागतात. कामावर जायच्या घाईत, पुटपुटत ओढलेली माळ पाच मिनिटांतही संपते. नाम तेच, मणीही तेवढेच, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या लेखी ही दोन निराळी कामं आहेत.

इटलीतल्या पाविया विद्यापीठातले हृदयविज्ञानाचे संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा, पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी आळीपाळीने मोकळेपणी बोलायला, लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही जपमाळेची प्रार्थना म्हणायला आणि एक बौद्ध मंत्र जपायला सांगितलं. तेवढ्या वेळात श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची नोंद चालू होती. प्रार्थना आणि मंत्र, दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली. ‘हळू श्वास घ्या’ असं कुणी सांगितलेलं नव्हतं. एक आवर्तन एका उच्छ्वासात बसत होतं आणि पुढचं सुरू करण्याआधी श्वास घ्यावाच लागत होता, एवढंच. नुसत्या गप्पा मारताना असं काही झालं नाही.

सहा या आकड्यात काय विशेष आहे? मानेतल्या मोठ्या धमन्यांच्या आणि महाधमनीच्या भिंतींत रक्तदाब मोजणारे चेतातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूच्या तळाशी खबर देतात आणि तिथून व्हेगस चेतेमार्फत हृदयाला ‘हळू’ असा निरोप जातो. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल सोडण्याचाही हुकूम निघतो, पण तो अमलात यायला काही सेकंद जातात. या उशिरामुळे आपला रक्तदाब सरळ रेषेत न राहता साधारण दहा सेकंदांच्या लाटांनी वरखाली होत असतो. श्वासाचाही हृदयावर परिणाम असतोच: आत घेताना ठोके जलद पडतात, सोडताना मंद. एक श्वास दहा सेकंदांचा झाला की ही लाट आणि ती लाट जुळते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेल्या धक्क्यासारखा प्रत्येक श्वास मग पुढच्या हेलकाव्याला जोर देतो. दाब सांभाळणारी ही यंत्रणा किती चपळ आहे, हे मोजता येतं. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने बदलला तर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी बदलतं, ते पाहायचं. बर्नार्डींच्या प्रयोगात हा आकडा सरासरी ९.५ वरून ११.५ वर गेला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये तो फार कमी असेल तर पुढचा धोका वाढलेला असतो, म्हणून हृदयतज्ज्ञ त्याकडे लक्ष देतात.

प्रयोग छोटा होता, निरोगी माणसांवर होता आणि परिणाम जप चालू असतानाचा होता. त्यातून ‘जपाने ब्लडप्रेशर बरं होतं’ असं वाक्य निघत नाही. संथ श्वसनाचा नियमित सराव केलेल्या रुग्णांमध्ये वरचा दाब सरासरी काही मिलिमीटरने उतरल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. मीठ कमी केल्यावर साधारण जेवढा फरक पडतो, त्याच्याच आसपासचा हा आकडा. म्हणजे उपयोगी, पण गोळीऐवजी नव्हे.

करून पाहायचं असेल तर आधी स्वतःची गती मोजा. शांत बसून एका मिनिटात छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. आपण स्वतः मोजायला लागलो की श्वास लगेच बदलतो. मोठ्या माणसाचा आकडा साधारण १२ ते २० असतो. मग नाकाने चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद नामासह बाहेर. ‘राम कृष्ण हरी’ सावकाश म्हणायला दोनेक सेकंद लागतात, तेव्हा एका उच्छ्वासात तीनदा बसतं. प्रत्येक नामाला एक मणी सरकवलात तर माळ सहा मिनिटांत होईल आणि तरीही श्वास मिनिटाला सहाच राहील. बघायचं ते मण्यांकडे नाही, श्वासांकडे. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. दोन-तीन आठवड्यांत १५ मिनिटांपर्यंत न्या. एकदम सहावर आल्यावर गुदमरल्यासारखं वाटत असेल तर आधी दहावर या, मग आठवर.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. ‘हळू’ ऐकलं की माणसं ‘खोल’ समजतात आणि छाती फुगवून श्वास ओढतात. नेहमीच्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. मिनिटाला १४ श्वास धरले तर सात लिटर. श्वास सहावर आणताना प्रत्येक वेळी एक लिटरच्या आसपास हवा पुरते, कारण श्वासनलिकेत वाया जाणारी हवाही कमी होते. त्याऐवजी दोन लिटर ओढली तर मिनिटाला १२ लिटर झाली, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो. मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, क्वचित हाताची बोटं आखडतात. याला काही साधक अनुभूती समजतात आणि आणखी जोर लावतात. ही अतिश्वसनाची लक्षणं आहेत. थांबा, साधा श्वास घ्या, दोन मिनिटांत उतरतात.

ओंकार किंवा भ्रामरीतल्या गुंजनाबद्दलही एक पक्की गोष्ट हाताशी आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं, की तोंड मिटून गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट असतो. कंपनामुळे सायनसच्या पोकळ्यांतली हवा झपाट्याने खेळती होते, म्हणून. त्यावरून ‘ओंकाराने हृदयाच्या धमन्या उघडतात’ असे व्हिडिओ फिरतात. धमन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड धमन्यांच्या अस्तरातच तयार होतो. सायनसमधला वायू तिथवर पोचून ते काम करतो, हे या प्रयोगात कुठेच नाही.

आता तंदुरुस्तीचं. बसून केलेल्या जपाने स्नायू बळकट होत नाहीत आणि दमसासही वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. पूजा, पोथी आणि ध्यान यांत दोन तास घालवणारा माणूस त्या दोन तासांपुरता बैठाच असतो. अंग हलवणारी उपासना मात्र हिशेबात धरता येते. मध्यम व्यायामाची साधी खूण अशी: बोलता येतं, पण गाता येत नाही. पंढरीच्या वाटेवर सपाटीला अभंग खड्या आवाजात म्हणत चालता येतं, म्हणजे ती चाल हलकी. दिवे घाटाच्या चढावर आवाज तुटायला लागतो, तिथे ती मध्यम झाली. वारीची कमाई वेगात नसून एकूण चालण्यात आहे. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात, आणि तेही रोजच्या रोज.

म्हणूनच घरून उठून थेट पालखीत शिरणाऱ्यांचे हाल होतात. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपास, अगदी सुरुवातीला येतो. दोन महिने आधी रोज तीन-चार किलोमीटरपासून सुरुवात करून आठवड्यातून एकदा १५ पर्यंत गेलात तर पाय तयार होतात. पावसाने भिजलेले मोजे दिवसभर तसेच ठेवले की कातडी फुगते आणि घासून फोड येतात. मुक्कामावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हे मलमापेक्षा जास्त कामाचं. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर वेदनाशामक गोळ्या घेत, पाणी कमी पीत चालणं मूत्रपिंडांना महागात पडतं. पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. लघवी गडद आणि थोडी होऊ लागली की गोळी बंद करा, ओआरएस सुरू करा आणि वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला दाखवा.

हाच मोठा टप्पा बरेचदा योगिनी एकादशीला येतो. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी नेहमीचा डोस घेऊन तो चालला तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि साखर ७० च्या खाली असली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. उलट साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ती ताटभर खाल्ली की साखर उसळते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांचं उपवासाशी आणि पाणी कमी पडण्याशी वैर आहे. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उपवास करायचाच असेल तर डोस काय ठेवायचा, हे आधीच्या आठवड्यात डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

श्वास आणि चाल मोजता येते, श्रद्धेचं काय? अमेरिकेतल्या ७४ हजारांहून अधिक परिचारिकांचा १६ वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकाहून जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी निघालं. यातला बराच वाटा कमी धूम्रपान, कमी नैराश्य आणि माणसांचा आधार यांचा असावा, असं संशोधकांनीच मांडलं. या स्त्रिया बहुतांशी ख्रिस्ती होत्या, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या भजनी मंडळाला लावू नये. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेची परीक्षाही झाली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या हर्बर्ट बेन्सन यांच्या अभ्यासात बायपासच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट होते. प्रार्थना होणार की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत, एकासाठी प्रार्थना झाली, एकासाठी नाही. गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के. ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं सांगितलेल्या गटात ती ५९ टक्के निघाली.

श्रद्धेची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्क रुग्णांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं. ‘देवाने मला टाकलं’ असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. नवस फेडला नाही म्हणून कॅन्सर झाला, मागच्या जन्मीचं पाप भोगतोय, असं आजारी माणूस मनात धरून बसतो तेव्हा तो उपचारही अर्ध्या मनाने घेतो. विचारपूस करायला आलेल्यांनी तरी ‘भोग असतात एकेकाचे’ म्हणणं थांबवावं.

जपाचा आपल्या रक्तदाबावर परिणाम होतो का, हे पाहायचं तर जपाच्या लगेच नंतरचा आकडा धरू नका. तो तात्पुरता असतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मोजताना मनात नाम चालेल, पण तोंडाने नको, कारण बोलण्याने दाब वाढतो. सकाळ-संध्याकाळ एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. सराव सुरू करण्याआधी एक आठवडा आणि दोन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा. सरासरी खरोखर उतरली असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी कमी करायचं ते ठरवतील. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिनसारखी औषधं मनाने एकदम सोडली तर दाब आणि नाडी उसळी घेतात, आणि हृदयरुग्णाला त्यातून झटकाही येऊ शकतो.